कोपर आपण धरायचं

"कुंदा, तुला भाषण येतं का गं?" साहेबांनी विचारलं.

टेलिफोनच्या बोर्डावरून उठवून कुणी मला केबिनमध्ये बोलावलं की मी वाटेत आपल्या चुका आठवत जायचे. कौतुकासाठी सहसा कुणी बोलवत नाही. त्यामुळे भाषणाचं ऐकून मला आधी हायसंच वाटलं.

"शाळेत करायचे, सर. पंधरा ऑगस्टला."

"झालं तर मग. पंधरा ऑक्टोबरला तुम्हा लोकांचा तो पांढऱ्या काठीचा दिवस असतो ना? यंदा आपण कार्यक्रम करायचा. शाल, श्रीफळ, हार, फोटो. पेपरवाल्यांनाही सांगितलंय. आपल्या ढवळेअण्णांचा सत्कार करू. आणि आभाराचे दोन शब्द तू बोलायचेस."

"अण्णांचा सत्कार?"

"मग काय माझा करतेस? दीड वर्ष झालं, तो माणूस रोज तुला रस्ता ओलांडून देतोय. एक दिवस तरी चुकवलाय का त्यानं?"

"नाही सर," मी म्हणाले. "एकही नाही."

"बघ. असा माणूस मिळत नाही. तुझ्या वडिलांनाही निरोप धाडतो. लेकीचं कौतुक बघू देत त्यांना."

मी "हो" म्हटलं आणि परत बोर्डावर येऊन बसले. दोन लाइनी वाजत होत्या. एक मी साहेबांकडे जोडली आणि दुसरी चुकून गोडाऊनला. दीड वर्षात पहिल्यांदाच माझा नंबर चुकला.

मी जन्मापासून आंधळी. 'दृष्टिहीन' वगैरे शब्द पुढं आले, आमच्या गावात आंधळीच म्हणायचे आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गावात पिठाची गिरणी होती. लहानपणी एकदा मी चाचपडत गिरणीच्या पट्ट्यापाशी गेले. आबांनी झडप घालून मनगट धरलं आणि मला ओढलं. तेव्हापासून त्यांनी ते मनगट धरलं ते धरलंच. देवळात, लग्नात, दवाखान्यात, जिथं जाऊ तिथं मनगट. उरलेला वेळ मी गिरणीतल्या बाकड्यावर. बायका दळण ठेवून जाताना म्हणायच्या, "बिचारी, किती गुणाची आहे, बसवलं की बसते." त्या बाकड्यावर माझा सगळा जन्म गेला असता. शाळेतल्या मडके सरांनी गावी येऊन आबांशी हुज्जत घातली, म्हणून मी टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि चोविसाव्या वर्षी जिल्ह्याच्या गावी नोकरीला लागले.

मडके सर आमच्या अंध शाळेत काठी घेऊन चालायला शिकवायचे. स्वतः आंधळे, आणि तोंडानं फटकळ. डोळस माणसाबरोबर कसं चालायचं याचा त्यांचा एकच नियम होता. त्यानं आपल्याला धरायचं नाही, आपण त्याचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून चालायचं. कुणी दंडाला धरलं, खांद्यावर हात टाकला की थांबायचं, त्याचा हात बाजूला करायचा आणि म्हणायचं, "माफ करा, कोपर द्या." का, असं विचारलं तर सर म्हणायचे, "एक दिवस कळेल. आज नुसतं पाठ कर."

नोकरीवर सोडताना आबांनी एकच अट घातली होती. "पैली तक्रार आली की गाठोडं बांधायचं आन् घरी यायचं. तुझी बी न्हाई आन् लोकांची बी न्हाई. तक्रार आलीच न्हाई पायजे." आबा वाईट नव्हते. त्यांना भीती होती. पण त्यांच्या भीतीचं कुलूप माझ्या दाराला लागणार होतं. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की तक्रार म्हणून करायची नाही.

आमची कचेरी एका मोठ्या रस्त्याला लागून होती. नाव सांगत नाही, आता तिथं वेगळी माणसं आहेत. रस्त्याच्या पलीकडं उतरलं की डावीकडं एसटी स्टँड आणि उजवीकडं माझ्या खोलीची गल्ली. बस्स, तेवढा एक रस्ता सोडला तर बाकी सगळं मी काठीनं करत होते. किराणा, डॉक्टर, देऊळ, सगळं. पण त्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक धाडधाड जायचे. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क ढवळेअण्णा म्हणाले, "मी असताना काळजी कशाची? मीही त्याच बाजूला राहतो."

अण्णा पन्नाशीचे. दोन लग्नाच्या मुली, घरी दत्ताचं पारायण, कचेरीत कुणाच्याही अडीअडचणीला धावणार. सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे. पहिला महिनाभर त्यांनी नीट कोपर दिलं. मग एक दिवस म्हणाले, "असं नको गं, तू मागं राहतेस. मी धरतो," आणि त्यांनी माझा दंड धरला. मी शिकल्याप्रमाणे म्हणाले, "माफ करा अण्णा, कोपर द्या." ते हसले. "वा, शिकवलंय बरं का पोरीला!" आणि दंड सोडला नाही.

पुढं तो हात दंडावर राहिला नाही. तपशील सांगत बसत नाही. ज्या बायका हे वाचतील त्यांना सांगायची गरज नाही, आणि पुरुषांना हवं असेल तर त्यांनी घरात विचारावं. रस्त्याच्या मध्ये दुभाजक होता. तिथं पोचलं की अण्णा म्हणायचे, "थांब, ट्रक येतोय." आम्ही थांबायचो. मला ट्रक ऐकू यायचा नाही. लांबून येणारी ट्रॉली मला कळायची, सायकलची साखळीसुद्धा कळायची. रस्ता मोकळा असायचा. पण डोळे त्यांचे होते. त्यामुळे ट्रक आहे म्हणजे आहे. त्यांना हवा तेवढा वेळ तो येत राहायचा, आणि मी काठी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहायचे.

एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून मी काठीनं एकटीच जाईन." अण्णा खवळले नाहीत. उलट काळजीच्या सुरात मोठ्यानं म्हणाले, "बघा, पोरगी हट्टी आहे. उद्या गाडीखाली आली तर जबाबदारी कुणाची? तिच्या वडिलांना काय तोंड दाखवायचं?" साहेबांनी लगेच फर्मान काढलं, की कुंदानं एकटीनं रस्ता ओलांडायचा नाही, ऐकणार नसेल तर वडिलांना कळवावं लागेल. झालं. वडिलांना कळवणं म्हणजे गिरणीतलं बाकडं. मी गप्प बसले.

लीलाताई आमच्या टायपिस्ट. वीस वर्षं त्या कचेरीत काढलेल्या. मी एकदा डबा खाताना त्यांच्यापुढं आडून आडून विषय काढला. त्या थोडा वेळ नुसत्या चपातीचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, धरल्याशिवाय रस्ता कसा ओलांडून देणार? आणि तुम्हा लोकांना स्पर्शाचं जरा जास्तच कळतं, नाही का?" मी म्हणाले, "असेल." त्यांनी माझ्या डब्यात लोणचं वाढलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण लोणचं खाल्लं.

असे दिवस चालले होते. मी हिशेब घातला होता. दुभाजकावरची ती काही मिनिटं सोसायची आणि बाकीचा दिवस आपला. बोर्ड आपला, खोली आपली, स्टोव्हवरचा चहा आपला. चहा करताना कुणी ओरडत नव्हतं की भाजशील, सरक. ज्याला हे कधी मिळालं नसेल त्यालाच त्याची किंमत कळेल.

मग शकू आली.

शकू एकोणीस वर्षांची, आमच्याच शाळेतली, तीन महिन्यांसाठी माझ्या हाताखाली बोर्ड शिकायला आलेली. तिला माझ्याच खोलीत ठेवून घेतली. दिवसभर बडबड. ती आल्यापासून माझा स्टोव्ह, माझी उशी, माझा रेडिओ, सगळं तिचं झालं. कचेरीतून निघायच्या आमच्या वेळा वेगळ्या. बोर्ड रिकामा ठेवता यायचा नाही, म्हणून ती आधी निघायची आणि मी नंतर. अण्णांनी दोन फेऱ्या मारायची तयारी दाखवली. साहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात सेवा."

सत्काराचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शकूची वेणी घालत होते. दोन-तीन दिवस तिची बडबड कमी झाली होती. मला वाटलं, घरची आठवण येत असेल.

"ताई," ती म्हणाली, "एक विचारू? या रस्त्यावर रोज इतके ट्रक असतात?"

माझ्या हातातले तीन पेड तसेच राहिले.

"का गं?"

"नाही, मला एकही ऐकू येत नाही. माझे कान बिघडलेत का?"

तिनं हे अगदी खरं विचारलं होतं. तिला वाटत होतं, दोष तिच्या कानांचा. मी वेणी सोडून तिला पुढून मिठी मारली आणि म्हणाले, "तुझे कान ठणठणीत आहेत." मग तिला रडू फुटलं. मलाही फुटलं, पण माझं रागाचं होतं. इतका राग मला आधी कधीच आला नव्हता, स्वतःसाठीसुद्धा नाही.

"कुणाला सांगू नको ताई," ती म्हणाली. "मला परत पाठवतील. घरी कळलं तर पुन्हा बाहेर पडू देणार नाहीत."

"तुझं नाव मी घेणार नाही," मी म्हणाले. "शपथ." त्या दिवसापासून मी तिला माझ्याबरोबरच निघायला लावलं. ती माझी वाट बघत बोर्डाशेजारी बसून राहायची आणि रस्त्यावर मी अण्णांच्या आणि तिच्या मध्ये राहायचे. पण तिचे अजून दोन महिने बाकी होते, आणि माझ्या आजारपणाची एक सुट्टी पडली असती की संपलं.

मी साहेबांकडे गेले. "सर, भाषणाबरोबर एक प्रात्यक्षिक करू का? आंधळ्या माणसाला रस्त्यावर कसं न्यावं, हे लोकांना माहीतच नसतं."

"वा! फर्स्टक्लास! पेपरात छान येईल," साहेब म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी आबा सकाळच्या गाडीनं आले. येऊ नका म्हणून मी गावातल्या फोनवर निरोप ठेवला होता, तो त्यांनी मनावर घेतला नाही. नवा सदरा घातला होता. तो कडक वाजत होता. त्यांनी आल्याआल्या माझं मनगट धरलं आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटले, "मी कुंदाचा बाप." अण्णा भेटले तेव्हा आबा त्यांच्या पाया पडायला वाकले. अण्णा म्हणाले, "अहो, हे काय, पोरगी मला माझ्या लेकीसारखी." मी शेजारी उभी होते. त्या वेळी मला वाटलं, आपल्याच्यानं काही होणार नाही. आभार मानायचे आणि खाली बसायचं.

हॉलमध्ये कचेरीची सगळी माणसं, शिवाय एका पतसंस्थेचे चेअरमन प्रमुख पाहुणे म्हणून. चेअरमननी भाषण ठोकलं. अंध बांधव, काळोख, प्रकाश, समाजाचं देणं. त्यांचं भाषण संपेपर्यंत शकूनं माझ्या कानात दोनदा विचारलं, "संपलं का?" मग अण्णांना शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या, कॅमेऱ्याचे खटके वाजले. आणि साहेब म्हणाले, "आता ज्यांनी ही सेवा रोज अनुभवली, त्या कुमारी कुंदा बोलतील."

मी काठी टेकत माइकपाशी गेले.

"मी भाषण करणार नाही," मी म्हणाले. "करून दाखवणार आहे. आंधळा माणूस दिसला की लोक धावत येतात, त्याला धरतात आणि ढकलत नेतात. मनापासून करतात, पण चुकतं. कसं करायचं ते दाखवते. चेअरमनसाहेब, जरा येता?"

चेअरमन उठून आले. मी त्यांचं कोपर धरलं आणि स्टेजवर एक चक्कर मारली. "घाबरू नका, पाडणार नाही तुम्हाला," मी म्हणाले तेव्हा हॉल हसला. आबांचं हसू मी ओळखलं. पहिल्याच रांगेत होते.

"असं. मी धरायचं, त्यांनी नुसतं चालायचं. आता अण्णा, तुम्ही या. तुम्हाला तर रोजची सवय."

अण्णा हसत आले. शालीसकट. त्यांनी कोपर माझ्या हाताला लावलं, अगदी मडके सरांनी शिकवल्यासारखं.

"असं नाही अण्णा," मी म्हणाले. "ही तर माझी पद्धत झाली. तुमची दाखवा."

"माझी कसली आली वेगळी पद्धत?"

"रोज धरता तसं धरा."

माइक माझ्या तोंडाशी होता, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.

"अगं, इथं कुठं रस्ता आहे?" अण्णा हसले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं.

"आहे असं समजा. हा दुभाजक. तुम्ही म्हणता ना रोज, थांब, ट्रक येतोय? तसं म्हणा. किती वेळ थांबतो आपण तिथं? तेवढं थांबा, आणि तिथं धरता तसंच धरा. रोज मला एकटीलाच कळतं. आज सगळ्यांना दिसू दे."

मी काठी घट्ट धरली होती. अण्णांचा हात आला नाही. मी वाट बघत होते, आणि मला मनातून वाटत होतं की आता कुणीतरी म्हणेल, काय हा आचरटपणा, खाली बसवा तिला. साहेबांनी घसा खाकरल्याचा आवाज आलासुद्धा.

तेवढ्यात मागून लीलाताई बोलल्या. बसून नाही, उभ्या राहून, कारण आवाज वरून आला.

"धरा की अण्णा. आम्ही सगळे बघतोय. धरा ना."

वीस वर्षं त्यांनी त्या कचेरीत काढली होती. त्या आवाजात ती सगळी वर्षं होती. एवढं मला त्या क्षणी कळलं आणि लोणच्याचा राग कुठल्या कुठं गेला.

"काय बोलताय तुम्ही लोक!" अण्णा म्हणाले. "दीड वर्ष मी हिच्यासाठी..."

"आणि ट्रक नसतोच!" दुसऱ्या रांगेतून शकू ओरडली. "मला पण थांबवायचे. ट्रक एकपण नसतो!"

मी तिचं नाव घेतलं नव्हतं. तिचं तिनं घेतलं.

मग मी माइकमध्ये शेवटचं बोलले. "आमचे सर सांगायचे, कोपर आपण धरायचं. का ते सांगायचे नाहीत. आता मला कळलंय. आपण धरलेलं आपल्याला सोडता येतं. दुसऱ्यानं धरलेलं नाही सोडता येत." आणि मी खाली उतरले. टाळ्या झाल्या नाहीत. साहेब घाईघाईनं म्हणाले, चहाची सोय मागच्या बाजूला केली आहे.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण लोक तेच आधी विचारतात. लीलाताई आणि आणखी दोघी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि तोंडी आश्वासनावर उठल्या नाहीत. अण्णांची बदली झाली, शिक्षा म्हणावी अशी काही झाली नाही. काही लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले की आंधळीनं देवमाणसाला बट्टा लावला. शकूनं तीन महिने पुरे केले आणि आज ती माझ्यापेक्षा मोठ्या कचेरीत मोठ्या बोर्डावर आहे. शाल टेबलावरच राहिली होती. शिपायानं ती बरेच दिवस फाइलींवरची धूळ झटकायला वापरली.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचंय. स्टेजवरून उतरले तर समोर आबा. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "चल."

लीलाताईंनी शकूला आपलं कोपर दिलं होतं आणि मला म्हटलं होतं, तू जा, हिला मी आणते. मी आबांबरोबर निघाले. कचेरीचा जिना उतरलो, फाटकापर्यंत आलो. आबांनी मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. मला स्पष्ट दिसत होतं पुढं काय होणार. हो, दिसत होतं, आम्हीही तेच म्हणतो. रस्ता ओलांडायचा, डावीकडं वळायचं, स्टँड, शेवटची गाडी, आणि उद्या सकाळी बाकडं. अट मीच मोडली होती. साध्या तक्रारीनं नाही, माइकवरून मोडली होती.

रस्त्याच्या कडेला आबा थांबले.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घरी नेलं असतंत, आबा."

एक ट्रॉली गेली, तिच्यामागं दुसरी.

"व्हय," ते म्हणाले. "नेलं असतं."

मग त्यांचा आवाज फुटला. "मी त्याच्या पाया पडलो गं, कुंदा. सकाळी. पाया पडलो मी त्या मानसाच्या."

बापाला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांना धरावंसं वाटलं, पण माझा एक हात काठीत आणि दुसरा त्यांच्याच मुठीत होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी नाक शिंकरलं. आणि माझं मनगट सोडलं. सोडल्यावर तिथं गार वाटलं.

"ते कोपर का काय म्हनलीस," आबा म्हणाले. "कसं धरायचं म्हनलीस?"

"मी धरायचं, आबा. तुम्ही नुसतं चालायचं."

त्यांचा सदरा कडक वाजला. त्यांनी हात वाकवून पुढं केला होता. मी चाचपून कोपर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. हाडकुळं होतं, मला वाटायचं आबा धिप्पाड आहेत.

आम्ही रस्त्यात उतरलो. दुभाजकावर आबा थांबले नाहीत, तिथं थांबायचं कारणच नव्हतं. "मोकळा हाय रस्ता," ते म्हणाले.

"मला कळतंय, आबा."

"कळतंय व्हय?"

"हो. कायमच कळत होतं."

पलीकडच्या कडेला पाय लागला. इथं डावीकडं स्टँड, उजवीकडं गल्ली. आबा उभे राहिले. डावीकडून कंडक्टर गाव पुकारत होता, त्यात आमच्या गावाचं नावही होतं. मी कोपर धरून अर्धं पाऊल मागं उभी होते.

"हितनं कुनीकडं?" आबांनी विचारलं.

"तुम्ही सांगा, आबा."

"मी कसं सांगू? धरलंयस तू."

मी काठी उजव्या बाजूला टेकवली.

"उजवीकडं," मी म्हणाले. "दोन पायऱ्या आहेत, सांभाळून या. आणि चहा मी करणार, तुम्ही स्टोव्हजवळ यायचं नाही."

"न्हाई येत," आबा म्हणाले, आणि उजवीकडं वळले.